हाताचं क्रियापद

काकाजींना "कसे आहात?" असं सहज विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते थांबायचे. एक पाय ओसरीवर, एक अंगणात. डोळे मिटून आतल्या आत चाचपून पाहायचे आणि मग सांगायचे, "डावा गुडघा दुखतो. कालची भाकर पचली नाही. मन ठीक आहे. एकूण बरा आहे." विचारणारा तोवर कापूसबाजाराच्या वळणापर्यंत पोचलेला असायचा. काकाजींना त्याचं काही वाटत नसे. विचारलं आहे तर उत्तर दिलं पाहिजे आणि उत्तर खरं असलं पाहिजे, एवढंच ते जाणत.

ते कारंज्यातले निवृत्त इंग्रजी मास्तर आणि आमचे घरमालक. मूळचे रिठदचे, शेतकऱ्याच्या घरातले. एका अंगणाच्या पुढच्या बाजूला ते आणि काकी राहायचे, मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं. मी लग्न होऊन रिसोडहून कारंज्याला आले तेव्हा सतरा वर्षांची असेन. तीस सालानंतरची एकदोन वर्षं असतील ती.

निवृत्त झाले तरी काकाजींच्या कोटाच्या खिशात खडू असायचा. धोतरावर काळा कोट, त्याच्या खिशाभोवती पांढरा डाग. बसल्याजागी त्यांना शब्द सुचला की तो हाताशी असेल त्या वस्तूवर लिहिला जाई. दारावर, भिंतीवर, एकदा तर दारात उभ्या असलेल्या बैलगाडीच्या चाकावर. तो शब्द मूर्तिजापूरच्या वाटेवर चिखलात गेला. भिंतीवरचे शब्द मात्र काकी रोज सकाळी शेणाच्या पोतेऱ्यानं पुसून टाकायच्या आणि दुपारपर्यंत नवे उमटायचे. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

त्यांच्याजवळ एक जाडजूड इंग्रजी कोश होता. पण शेवटची पानं उंदरांनी खाल्लेली. 'टी' या अक्षरापासून पुढं काही शिल्लकच नव्हतं. कोणी 'टी'च्या पुढचा शब्द विचारला तर काकाजी हात जोडायचे. "तिथून पुढचं इंग्रजी माझ्याकडं नाही, बाप्पा." तोंडपाठ असला तरी सांगायचे नाहीत.

आणि क्रियापद एकटं कोणी उच्चारलेलं त्यांना खपत नसे. कोणी? कोणाला? हे दोन प्रश्न ठरलेले. एकदा शेजारचा दुकानदार धावत आला, "काकाजी, पडला! पडला!" काकाजींनी शांतपणे विचारलं, "कोण?" पडला होता तो त्यांच्याच घरामागचा काड्यांचा कूड.

काकी याच्या अगदी उलट. सडपातळ, तिखट, दिवसभर हात आणि तोंड दोन्ही चालू. अक्षरओळख नव्हती. दोघांचं दिवसातून चारदा तरी वाजायचं. मीठ जास्त, पाणी गार, खडूची भुकटी पिठात. त्या घरात एकमेकांशी गोड बोललेलं मी कधी ऐकलं नाही.

माझे यजमान तेव्हा नागपूरला वकिलीचं शिकत होते. घरात मी आणि सासूबाई. यांचं पत्र सासूबाईंच्या नावानं यायचं. त्यांना वाचता येत नसे, माझ्या मराठी चार इयत्ता झालेल्या, म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवायची. पत्राच्या तळाशी एक ओळ इंग्रजीत असायची.

"हे खाली काय व लिवलं?" सासूबाई विचारायच्या.

"पत्ता आहे, आत्याबाई."

पत्ता नव्हता हे मला कळत होतं. पत्त्याला कोणी एवढं वळणदार अक्षर काढत नाही. पण काय होतं ते कळत नव्हतं. मला इंग्रजी येत नाही हे यांच्या ध्यानात कसं आलं नाही, असं तेव्हा वाटायचं. आता वाटतं, आलं असावं. समोरच्याला न येणाऱ्या भाषेत माणूस जास्त धीट होतो.

चार शब्द होते, दर पत्रात तेच. मला त्यांची आकृती पाठ झाली. एका सकाळी सडा घालून झाल्यावर रांगोळीची चिमूट हातात होती, आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी ती आकृती अंगणात काढली. एक ओळ. नुसती पाहावी म्हणून. पुसणार एवढ्यात मागून आवाज आला.

"'आर' उलटा पडला आहे."

काकाजी तांब्या घेऊन उभे होते. ते उकिडवे बसले, बोटानं एक रेघ पुसली, दुसरी ओढली. मग विचारलं, "हे कोणी म्हटलं? कोणाला?"

मी पदर तोंडाला लावून घरात पळाले.

दुपारी काकी मला बोलवायला आल्या. "मूग निवडू लाग व मले," त्या सासूबाईंच्या देखत म्हणाल्या. ओसरीवर मुगाचं सूप होतं आणि सुपाशेजारी कोरी वही. काकाजी भिंतीकडं तोंड करून बसले होते. म्हणाले, "सूनबाई, अर्थ मी सांगणार नाही. सांगितलेला अर्थ सांगणाऱ्याचाच राहतो. तू अक्षरं शीक. त्या ओळीपर्यंत तुझी तू चालत ये."

सासूबाई दुपारी जरा आडव्या व्हायच्या. तेवढ्या तासात माझं इंग्रजी. दिवाळीनंतर सुरू झालं ते संक्रांतीच्या पुढं गेलं तरी ओळ काही येईना. काकाजींनी क्रियापदांच्या जाती पाडल्या होत्या, कुठल्याही व्याकरणात नसलेल्या. काही तोंडाची, काही पायाची, काही हाताची. नवीन क्रियापद आलं की आधी त्याची जात सांगायची. 'लाइक' जिभेचं. 'लव्ह' छातीचं, पण त्याचे ते फार लाड करत नसत. "पोट्टे आंब्यालेही लावतात अन् मायलेही लावतात. झिजलं आहे बिचारं." 'अडोअर' जोडलेल्या हातांचं, देवापुढचं.

"आणि माझ्या ओळीतलं?" मी शेवटी विचारलंच.

काकी मूग पाखडत होत्या. "सांगून टाका न बाप्पा एकदाचं. पोट्टीचा जीव टांगून राह्यला."

काकाजींनी ओळ भिंतीवर लिहिली. आय शॅल चेरिश यू. मी वाचली. पहिल्यांदा, स्वतःच्या तोंडानं. कानशिलं तापली.

"चेरिश," काकाजी म्हणाले. "हे हाताचं. पण जोडलेल्या नाही, कामाच्या हाताचं. आपण मिरचीचं रोप लावतो. थंडी पडली की संध्याकाळी त्याच्यावर गोणपाट टाकायचं, सकाळी काढायचं. रोज. रोपाशी काही बोलावं लागत नाही. पण एक दिवस विसरून चालत नाही. कोशात याचा अर्थ प्रेमानं जपणं असा दिला आहे. बरोबरच आहे. पण प्रेम निजून करता येतं, हे उठूनच करावं लागतं."

"गोणपाट मीच टाकतो रोज," काकी म्हणाल्या. "तुमी कवा टाकलं?"

"म्हणून तुला समजतं."

"मले काय समजते? मले कुठं इंग्रजी येते?"

मला मात्र वेगळीच काळजी लागली होती. "आणि हे 'शॅल' कशाला आहे?"

काकाजी थोडे अवघडले. "भविष्यकाळ. म्हणजे, आत्ता करतो असं नाही. पुढं करीन."

माझा चेहरा पडला असणार, कारण ते घाईनं म्हणाले, "भविष्यकाळ वाईट नसतो, सूनबाई. फक्त त्याला मुदत विचारावी."

पुढचं पत्र सासूबाईंनी सांगितलं आणि मी लिहिलं. ज्वारी झाली, गाय आटली, तब्येतीला जप. तळाशी मी इंग्रजीत एकच शब्द लिहिला. व्हेन, आणि त्यापुढं प्रश्नचिन्ह.

उत्तर आलं त्यात इंग्रजी ओळच नव्हती. मराठीतच, सासूबाईंना वाचून दाखवता येईल अशा बेतानं लिहिलं होतं, "पत्र कोणी लिहून दिले ते कळवावे."

उन्हाळ्याच्या सुटीत हे घरी आले. मी खरं ते सांगितलं. रागावले नाहीत, पण खूशही झाले नाहीत. आपल्या खोलीत आपण नसताना कोणी येऊन गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "काकाजींनी ते वाचलं?" एवढंच विचारलं आणि दोन दिवस अंगणात जाताना ते काकाजींची नजर चुकवत राहिले.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंना ज्वारीच्या कोठीत माझी वही सापडली.

सासूबाई दुष्ट नव्हत्या. तरुणपणी विधवा झाल्या, जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडून एकुलता मुलगा शिकवला. शिकलेला मुलगा नागपूरला गेला. आता सूनही शिकली तर तीही जाईल आणि आपण या दोन खोल्यांत उरू, ही त्यांची धास्ती. त्यांनी ती तशी बोलून दाखवली असती तर मी वही स्वतःच्या हातानं दिली असती. पण त्या ओरडत बाहेर आल्या.

"मुगाच्या नावानं हे चाललं होतं! परक्या माणसापाशी बसून! कायले पायजे तुले इंग्रजी? कोणाले पत्र लिवाचं हाये?"

आणि चुलीपाशी बसून त्यांनी वहीचं पान फाडलं. मग दुसरं. एकेक करून आत घालत होत्या. मी दाराशी उभी. हे ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसलेले. पान हलत नव्हतं, म्हणजे वाचत नव्हते. पण उठलेही नाहीत.

काकाजी अंगणातून आले. चढून ओसरीवर आले नाहीत, खालीच उभे राहिले. सासूबाईंशी बोलले नाहीत. माझ्याकडं पाहिलंही नाही. यांना म्हणाले, "वकीलसाहेब, जरा बोलायचं होतं."

यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

"तुम्ही एक क्रियापद वापरता. कुठं, ते मी बोलत नाही. त्याचा अर्थ तुम्हाला ठाऊकच असेल. वापर मी सांगतो. चुकीचा. बरोबर वापर मला येत नाही."

पुढचं बोलताना त्यांची शाळेतली भाषा गळून पडली.

"माहं लग्न झालं तवा मी अमरावतीले शिकून राह्यलो होतो. सुटीत आलो तं हिच्यासाठी पाटी आनली. 'क' शिकवला, 'ख' शिकवला. आठ दिवस झाले असन. मायनं पाह्यलं. ती पाटी तिनं चुलीच्या दगडावर आपटली. मी असाच ओसरीवर होतो, तुमी बसले तसा. माह्या हातात पुस्तक होतं. अन् पुस्तकात तुमचा तोच शब्द होता. मी त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून राह्यलो होतो. आत पाटी फुटली, मले आयकू आलं. मी रेघ पुरी केली. पान उलटवलं."

चुलीपाशी पानं फाडल्याचा आवाज थांबला होता.

"मंग जलमभर पोट्ट्यायले इंग्रजी शिकवलं. तो शब्द दरसाल यायचा. अर्थ एकदाही चुकीचा नाही सांगतला." त्यांचा हात कोटाच्या खिशाकडं गेला आणि तसाच राहिला. "बस. एवढंच होतं."

तेव्हा मला दिसलं की काकी त्यांच्या दारात येऊन उभ्या आहेत. हातात सूप. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. काकाजींनीही वळून पाहिलं. मला वाटलं, काकी आता रडतील, नाहीतर चारचौघांत घरातलं काढलं म्हणून फाडून खातील.

त्या म्हणाल्या, "'ख' नाही. 'घ' झाला होता."

आणि आत गेल्या.

काकाजी अंगणात तसेच उभे होते. चाळीस वर्षं होत आली होती त्या गोष्टीला. त्यांना 'ख' आठवत होता, काकींना 'घ'.

यांचं म्हणाल तर हे फार शूर निघाले असं नाही. थोड्या वेळानं उठले, चुलीपाशी गेले आणि उरलेली वही आईच्या हातातून अलगद काढून घेतली. म्हणाले, "आई, राहू दे. माझंच काम आहे तिच्याकडं. पुढं कागदपत्रं लिहायला लागेल." कारण लंगडंच होतं. पण ते उभं राहून म्हणाले. सासूबाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मला म्हणाल्या, "त्या काकीले म्हन, मूग आपल्याकडं बी हायेत निवडाले." तेव्हापासून दुपारचा वर्ग आमच्या ओसरीवर भरू लागला आणि सासूबाई खांबाला टेकून, काही न कळता, ऐकत बसू लागल्या.

काकाजींनी त्याच आठवड्यात बाजारातून नवी पाटी आणली. लाकडी चौकटीची, कोपऱ्याला तांबडी दोरी. काकींच्या पुढ्यात ठेवली. काकींनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, डोळ्यांजवळ नेली. त्यांच्या डोळ्यांत तेव्हाच पडदा चढायला लागला होता.

"आता डोये कुठं राह्यले मले?" त्या म्हणाल्या. पाटी घेऊन आत गेल्या आणि दुधाच्या भगोन्यावर झाकण म्हणून ठेवली. अगदी बरोबर बसली. काकाजी ओसरीवरून पाहत होते. त्यांनी कोश उघडला, मिटला, आणि मिरचीच्या वाफ्याकडं निघून गेले. त्या संध्याकाळी गोणपाट त्यांनी टाकलं. उन्हाळा होता. गरज नव्हती.

दोन वर्षांनी आम्ही नागपूरला बिऱ्हाड केलं. सासूबाईही आल्या, कुरकुरत, पण आल्या. मी मॅट्रिक झाले, मग मुलींच्या शाळेत शिकवू लागले. यांनी तो शब्द पुन्हा कधी लिहिला नाही. मात्र माझ्या परीक्षेच्या आठवड्यात पहाटेचा चहा हे करायचे, फार वाईट करायचे, आणि मी तो सगळा प्यायचे.

काकाजींची कार्डं यायची, इंग्रजीत. मी पाठवलेलं कार्ड चुका दुरुस्त करून परत पाठवायचे आणि उरलेल्या जागेत खुशाली लिहायचे. गुडघा, पचन, मन, त्याच क्रमानं. मधल्या काळात त्यांनी म्हैस घेतल्याचं एका कार्डात होतं. नंतर अक्षर कापायला लागलं. दुसरी मोठी लढाई संपत आली होती त्या सुमारास शेजाऱ्यानं लिहिलेलं मराठी कार्ड आलं. काकाजी गेले होते.

मी एकटीच कारंज्याला गेले. काकी ओसरीवर बसल्या होत्या. डोळे जवळजवळ गेलेले. माझ्या आवाजानं ओळखलं. जवळ बसवून घेतलं, माझे हात दाबून पाहिले, मुलांची नावं विचारली. रडल्या नाहीत. मी भिंतींकडं पाहिलं. स्वच्छ सारवलेल्या. कुठं एक अक्षर नव्हतं.

दिवस कलायला लागला तशा त्या अस्वस्थ झाल्या. "चाल बरं माह्यासंग," म्हणाल्या. "तुले इंग्रजी येते. तुह्यानं होते का पाहू."

गोठ्यात म्हैस उभी होती. काकी सांगू लागल्या. काकाजी गेले तेव्हापासून ती पान्हा सोडत नाही. तिची वगार, पारडी, लावली तरी नाही, सरकीची ढेप घातली तरी नाही. "धार मीच काढतो," काकी म्हणाल्या, "हे नुसते जवळ उभे राहाचे. तिची शेपटी माह्या डोयात नोको याले म्हनून हातात धरून, माह्याकडं तोंड करून. अन् इंग्रजीतून बोलत राहाचे तिच्यासंग. तिले तेच लागते आता. तू बोल बरं जरासं."

मी शेपटी धरली. काकी हातानं चाचपत कासेशी बसल्या. शाळेत रोज पाच तास इंग्रजी बोलणारी मी, मला काही सुचेना. गुड इव्हनिंग म्हणाले. हाऊ आर यू म्हणाले. एक धडा आठवला तो म्हटला. म्हशीनं कान हलवला आणि पाय झाडला. चरवी कोरडी.

"तसं नाही," काकी म्हणाल्या. "थांब."

त्यांनी कपाळ म्हशीच्या पोटाला टेकलं. कासेवरून हात फिरवत, अगदी हलक्या आवाजात, काकाजींच्याच संथ लयीत त्या बोलू लागल्या.

"ष्ट्यान ष्टील, मायडीर. ष्टील. आय याम हिअर. नो हरी, मायडीर, नो हरी."

मी शेपटी धरून काकाजींच्या जागी उभी होते; तिथून समोर म्हशीचं तोंड नाही, काकी दिसत होत्या. म्हशीनं मान खाली घातली. क्षणभरानं चरवीत पहिली धार वाजली, मग दुसरी.

"बरोबर बोलली नं मी?" काकींनी हात न थांबवता विचारलं. "मायडीर नाव ठेवलं होतं त्याईनं म्हशीचं."

"बरोबर बोललात, काकी," मी म्हणाले.